पोटातलं पेट्रोल

किक मारून मारून थोरलीचा पाय भरून आला, पण मोटरसायकल हूं की चूं करेना.

गाडी एवढीशी, जुनी, नवऱ्याची. तो गेल्यापासून आवारात भिंतीला टेकून गंजत पडलेली. थोरलीनं जन्मात कधी पाना हातात धरला नव्हता, पण एके दिवशी जुनी चादर अंथरून तिनं गाडी उसवायला घेतली. चेन घासली, प्लग घासला. कार्बोरेटर उघडून परत लावला तर एक स्क्रू उरला, म्हणून पुन्हा उघडला, तर दोन उरले. त्यातलं बारीक भोक सुईनं टोकरायला निघाली, तेव्हा कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं कपाळाला हात लावला होता. टाकी मात्र तिनं खाली काढली नाही. खालून सोडवलेली परत बसेल न बसेल, कोणी सांगावं? वरूनच पेट्रोल ओतून विसळली, आतली घाण नळीनं ओढून काढली आणि ताजं पेट्रोल भरलं.

"वहिनी, सोडा आता हा नाद," पायरीवर बसलेला दीर म्हणाला. "भंगारवालासुद्धा हसून परत जाईल."

"तुम्ही हसताय तेवढं पुरे आहे. त्याला कशाला त्रास?"

"अहो, पण चालवणार कोण? तुम्हाला साधी सायकल येत नाही."

"चालवायची कोणाला पडलीय? ऐकायचीय मला."



तेवढ्यात गॅरेजवाला डोकावला. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीखाली वाकला आणि हसतच सुटला.

"काकू, पेट्रोलचा कॉक बंद आहे की! थेंब खाली उतरला नाही, ती पेटणार कशावर? तुमच्या रागावर?"

"घ्या!" दिराला हसण्याची उकळी फुटली. "सगळी गाडी धुतली, पुसली, आणि नळच उघडायचा राहिला!"

गॅरेजवाल्यानं कॉकला हात घातला. थोरलीनं फाडकन त्या हातावर चापट मारली.

"हात काढ. तो त्यांनी बंद केलाय."

दोघांचं हसू तिथल्या तिथे विरलं.

नवऱ्याची ती रीतच होती. संध्याकाळी वळणावर आला की चालत्या गाडीवर खाली हात घालून कॉक फिरवायचा. आत उरलेल्या पेट्रोलवर गाडी घरापर्यंत यायची आणि फाटकाबाहेर आपसूक बंद पडायची. रात्रभर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल राहू नये म्हणे. त्या शेवटच्या संध्याकाळीही त्यानं तेच केलं असणार. सकाळी तो उठला नाही. नंतर त्याचे शर्ट वाटले गेले, चष्मा कोणी उचलून कुठे ठेवला कळलं नाही, पलंगसुद्धा सुनेनं खिडकीकडे सरकवला. गाडी तर थोरलीनं स्वतःच्याच हातानं घासून घासून परकी केली. हा बोटाएवढा खटका तेवढा त्यानं फिरवला तसाच होता. आणि तिला तो आज दिसला.

"मग राहू द्या, वहिनी," दीर हळूच म्हणाला. "झाकून ठेवू आपण गाडी."

"झाकून ठेवायला दूध आहे का ते?"

बोलली खरी, पण हात पुढे जाईना. एकदा गेला तो नुसताच कॉकवर टेकून राहिला. मग तिनं ओठ दाबले आणि फिरवला. घट्ट होता. तो काहीही आवळायचा ते जरा जास्तच.

"मार आता किक. बघतोस काय माझ्याकडे?"

गॅरेजवाल्यानं दोन-तीन किका मारल्या. गाडी खाकरली, काळा धूर ओकली आणि धडधडायला लागली. दिरानं टाळ्या पिटल्या.

"ऐका, वहिनी! मनसोक्त ऐका!"

थोरली मान कलती करून ऐकत राहिली. मग तिनं मान हलवली.

"हा नव्हे."

ती वाकली आणि कॉक बंद केला.

"अहो काकू, काय करताय! आत्ता कुठे लागली, बंद पडेल ना!"

"लगेच नाही पडायची. पोटात आहे तेवढ्यावर चालते ती."

गाडी चालत राहिली. बऱ्याच वेळानं आवाज अडखळला, दम लागल्यासारखा तुटत गेला, मध्येच एकदा उगाच चढला आणि थांबला.

थोरलीनं घाईघाईनं फडक्याला हात पुसले, फाटकाशी गेली आणि आतली कडी काढली.