बक्षिसाची सायकल

पनीरचा सहावा डोळा धम्मदीपच्या हातातच फुटला. त्यानं तो खाऊन टाकला आणि सातवा वळायला घेतला.

"भुताले दोनच डोळे असतात, पप्पा," संबोधी ओट्याला टेकून म्हणाली. ती आठ वर्षांची होती आणि आजच्या स्वयंपाकाची साहेब होती. "पण राहू दे जास्तीचे. लागले तर."

पिपरी मेघेतल्या त्या घरात रविवारचा बेत होता भुताचा पास्ता. मोबाइलवर बघून पोरीनंच ठरवलेला. बीट किसून पास्त्याला रक्त चढवलं होतं. ढोबळ्या मिरचीला दात कोरले होते. पनीरच्या गोळ्यांना काळ्या मिऱ्यांची बुबुळं होती, पण ती एका दिशेला बघायला तयार नव्हती. त्यामुळे भूत तिरळं निघालं.

धम्मदीपला हे सगळं बरं वाटत होतं. त्याची बायको नंदिनी जाऊन आठ महिने झाले होते. तापाचं निमित्त झालं, चार दिवस दवाखाना, आणि संपलं. तेव्हापासून घरात वरण-भात शिजत होता, आणि ताटात पडेल ते संबोधी मुकाट्यानं खात होती. आज पहिल्यांदा तिनं काहीतरी मागितलं होतं. तिनं रेल्वेचं इंजिन मागितलं असतं, तरी त्यानं ते कांदा घालून परतून दिलं असतं.

अडचण एकच होती, आणि ती अंगणात बसून सायकलीत हवा भरत होती.

त्याचे वडील चिंधूजी म्हणजे भुतांचे जुने वैरी. मास्तरकी सांभाळून चाळीस वर्षं त्यांनी आंजीपासून समुद्रपूरपर्यंत सभा घेतल्या. प्रत्येक सभेच्या शेवटी ते आपली काळी सायकल पुढे करत आणि सांगत, "ज्यानं भूत दाखवलं, सायकल त्याची!" मांत्रिक आले, अंगात येणाऱ्या बाया आल्या, एक जण तर भूत थैलीत घालून घेऊन आला. सायकल कोणाला नेता आली नाही. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा चिंधूजींना तोंडपाठ होत्या, आणि श्राद्धपक्ष करणार नाही ही तर ते झोपेतही म्हणाले असते.

त्यांची थट्टा करायची हिंमत घरात एकट्या नंदिनीची. "मामाजी, थांबा तुम्ही," ती सासऱ्याला म्हणायची. "मीच एक दिवस भूत होऊन येतो अन् सायकल नेतो."

"ये ना बाई," चिंधूजी म्हणायचे. "पण पुराव्यासकट ये."

आता त्यांचे गुडघे नीट वळत नव्हते. घरात दुसरं कोणी सायकलीवर बसत नव्हतं. तरी फेब्रुवारीपासून दर रविवारी ते पंप घेऊन बसत. धम्मदीपनं एकदा विचारलं होतं, "काऊन भरता, बाबा? चालवते कोण?" चिंधूजी मागचं चाक अंगठ्यानं दाबून बघत राहिले. वय झालं, असं धरून धम्मदीपनं पुन्हा विचारलं नाही.

सात वाजता संबोधीनं ताटं मांडली. माणसं तीन, ताटं चार. चौथं खिडकीखाली, नंदिनीच्या जागेवर. सगळ्यात जास्त डोळे तिनं त्यातच वाढले.

धम्मदीपच्या हातातली पळी थांबली. "हे कोणाचं?"

"आईचं." जेवायला कोण येणार हे त्याला माहीत असायला हवं होतं, अशा सुरात ती म्हणाली. "किराणावाल्या शकुंतला आजीनं पितृपक्षात पान नव्हतं का ठेवलं? त्यांच्या हिरालाल आजोबाले वडे आवडत, म्हणून वडे. आवडीचं असलं की येतात म्हणे. आईले पास्ता आवडे. पण भूत साधा पास्ता खाते का नाई, मले माहीत नव्हतं. म्हणून असा केला."

धम्मदीपला पळी कुठे ठेवावी ते कळेना. दुपारपासून तो खेळ समजून डोळे वळत होता. पोरगी पाहुणीची वाट बघत होती.

दारात चिंधूजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बाबा," धम्मदीप घाईनं म्हणाला, "आजच्या दिवस काही बोलू नका."

चिंधूजींनी पंप कोपऱ्यात ठेवला. हात धुतले. भिंतीला धरून, एकेक गुडघा समजावत ते खाली बसले. चौथ्या ताटाच्या अगदी समोर.

"संबोधी, भूत नसते. मी तुले सांगतलं होतं ना?"

"हो, आबा."

"मग हे ताट?"

संबोधीनं ताट जागचं हलू दिलं नाही. दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं.

"तरी पण," ती म्हणाली.

चाळीस वर्षांत चिंधूजींसमोर असा मुद्दा कोणी मांडला नव्हता. ते त्या तिरळ्या डोळ्यांकडे बघत राहिले. डोळे कोणाकडेच बघत नव्हते. बिटाचं पाणी हळूहळू ताटाच्या कडेला आलं.

मग चिंधूजींनी बंडीच्या खिशात हात घातला. सायकलीची किल्ली काढली. रक्त लागू नये अशा बेतानं ती चौथ्या ताटाच्या उजव्या बाजूला ठेवली.

"घेऊन जा, नंदिनी," ते ताटाला म्हणाले. "दर रविवारी हवा भरून ठेवतो मी."