हंगामाआधी

"या वर्षी तुमचं ऐकलं बघा मॅडम," तपासणीच्या टेबलावर बसत वायरमन म्हणाला. "मुरगळायच्या आधीच आलोय."

फिजिओ हसली. दर उन्हाळ्यात तो लंगडत यायचा. व्हॉलीबॉलचा एखादा सामना झालेला असायचा आणि घोटा टम्म सुजलेला. दर वर्षी ती त्याला झापायची, अंग तयार केल्याशिवाय मैदानात उतरू नका, महिनाभर आधी या. तो मान डोलवायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा लंगडत यायचा. संघात त्याला सगळे शिडी म्हणत. जाळ्यापाशी त्याच्याइतका उंच कुणी नव्हता.

"मी ओढून आणलंय," कोपऱ्यातल्या खुर्चीवरून त्याची बायको म्हणाली. "जरा सांगा ह्यांना, वय झालं म्हणून. जिना चढताना पाय पायरीला अडतो."

"पाय नाही अडत. आपल्या घराच्या पायऱ्याच वाकड्या आहेत."

फिजिओने त्याला एकेका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. उजव्यावर तो सहज वर गेला, छताला हात लावल्याचं नाटकही केलं. डाव्याची टाच जमिनीवरून हललीच नाही.

"झोपलाय अजून," तो म्हणाला. "कधीचा खेळलो नाही ना."

तिने त्याला बसवलं आणि डाव्या पावलावर हात ठेवला. "पाऊल वर ओढा. मी खाली दाबते, तुम्ही हरायचं नाही."

नुसत्या बोटांनी दाबलं तरी पाऊल खाली गेलं.

"जोर लावा."

"लावतोय की."

"दुखतंय कुठे?"

"छे! अजिबात नाही," तो छाती फुगवून म्हणाला.

तिने घोटा दाबून पाहिला, पोटरी पाहिली, कमरेचे मणके पाहिले. कुठेतरी तो 'आई गं' म्हणेल म्हणून ती वाट पाहत होती. दुखलं असतं तर बरं झालं असतं. दुखण्यावर तिच्याकडे इलाज होते.

"आडवे व्हा. थोडा वेळ हलायचं नाही, बोलायचंही नाही."

"हे कठीण आहे," बायको म्हणाली.

पण तो गप्प पडून राहिला. फिजिओ पोटरीकडे बघत राहिली. कातडीखाली काहीतरी फडफडलं, थांबलं, मग शेजारी फडफडलं. मग मांडीत. तिने त्याची बाही वर सरकवली. दंडातही तेच चाललं होतं. माणूस शांत पडला होता आणि त्याचे स्नायू आपापले उडत होते.

तिने त्याचा पंजा हातात घेतला. अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस बसून तिथे खळगा पडला होता.

"पक्कड नीट धरता येते?"

"सुटते मधूनमधून. घाम येतो हाताला."

"शर्टाची बटणं?"

"ती हल्ली मीच लावते," बायको म्हणाली. "लाड करून घेतात या वयात." ती हसली. फिजिओ हसली नाही, तशी तीही थांबली.

कमरेत नस दबली असेल, असं फिजिओने स्वतःला सांगून पाहिलं. पण मग दंडात कशाला? एकेक स्नायू निकामी होत जाणारी अशी माणसं तिने याआधी पाहिली होती. त्यांनाही सुरुवातीला कुणीतरी पायाचे व्यायाम दिले होते. शेवटी शेवटी फिजिओच त्यांच्या घरी जायची, पाठीवर थापट्या मारून कफ कसा मोकळा करायचा ते घरच्यांना शिकवायला.

"मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टरांना दाखवा," ती म्हणाली. "उद्याच जा. मी फोन करून ठेवते."

"नसांचं काय मध्येच? मला घोटे बळकट करायचेत."

"आधी ते बघू देत."

"काय असेल मॅडम?" बायकोने विचारलं.

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार." हे खरं होतं. पूर्ण खरं नव्हतं.

"बरं, तोवर मी काय करू?" तो उठून बसला. "उड्या मारू? रबरी पट्टे ओढू?"

"काही नाही. अंगाला थकवायचं नाही. कामावर शिडीवर चढायचं नाही."

"शिडीनेच शिडीवर चढायचं नाही!" तो मोठ्याने हसला. "व्यायाम करू नका म्हणणारी फिजिओ आज पहिल्यांदा बघितली. म्हणजे फिट आहे मी. चला!"

तो बूट घालून बाहेर पडला. बायको दारात थांबली. पर्सचा बंद तिने हाताला गुंडाळला, सोडवला.

"मॅडम, तुम्हीच म्हणायचात ना, आधी आलं की टळतं."

फिजिओ टेबलावरची चादर बदलायला लागली होती. ती थांबली.

"मुरगळणं टळतं," ती म्हणाली.

बायकोने मान हलवली आणि गेली.

फिजिओने खिडकीतून पाहिलं. तो खाली पायऱ्यांवर कठड्याला धरून उभा होता, मोबाइल कानाला लावून. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असा बोलत होता.

"अरे हो, पहिल्या सामन्यापासून आहे मी! यंदा तयारीनिशी उतरतोय. लिहून टाक माझं नाव!"

त्याच्या एका बुटाची नाडी सुटली होती. बायको खालच्या पायरीवर बसून ती बांधत होती. गाठ मारून झाली तरी ती उठली नाही. बूट तिने दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.