जवळजवळ शून्य

कंपनीच्या मस्टरवर ज्ञानदेव असलेली केसर घरात आक्काची धाकटी बहीण होती. अंगात बाईपण यावं म्हणून ती संततिनियमनाच्या गोळ्या घ्यायची. त्या गोळ्या विधवा आक्काच कुटुंबनियोजन केंद्रातून आणायची. पण रक्ताच्या रिपोर्टात स्त्रीहार्मोन जवळजवळ शून्य निघालं. "तू गोळ्या बदलतीस! तुला भाऊच हवाय," केसर कडाडली. आक्काचं रडणंही तिला खोटं वाटलं. खात्रीसाठी तिनं गोळ्या नि रिपोर्ट चिंचवडच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले. "खऱ्याच आहेत गं," बाई म्हणाल्या. "यातलं कृत्रिम हार्मोन या तपासणीत दिसतच नाही. खालचा आकडा बघ, पुरुषी हार्मोन किती उतरलंय!" केसर तडक केंद्रावर गेली. आक्का रांगेत होती. नर्स सगळ्यांदेखत विचारत होती, "नवरा जाऊन सहा वर्षं झाली, तुला कशाला या गोळ्या?" बायका फिदीफिदी हसल्या. आक्कानं गोळ्यांसाठी हात पुढं केला. "माझ्यासाठी," मागून केसर म्हणाली.