ओढ्यावरची शेवटची फेरी
ओढ्याचा वरचा टप्पा दगड न् दगड पालथा घालून ती रिकाम्या हातांनी खाली उतरत होती. तिला हवी होती एक बेडकी. अंगठ्याएवढी, दोन्ही कुशींवर पिवळी रेघ असलेली. ती काम करायची त्या संशोधन केंद्रात, काचेच्या पेटीत, या जातीचा एकच नर उरला होता. रोज दुपारी तो टिकटिक अशी हाक घालायचा, मग कान देत असल्यासारखा गप्प बसायचा. जंगलातले बाकीचे ओढे धुंडाळून झाले होते. हा शेवटचा. उद्यापासून शोध बंद, असं केंद्राने कळवलं होतं.

आज बाबा आपणहून बरोबर आले होते. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून एका जागी घटकाभर टिकत नसत. बेडकांची तर त्यांना इतकी किळस, की बूट झटकल्याशिवाय पायात घालत नसत. तुझं चालू दे, मी आपला पाण्यात पाय सोडून बसतो, असं सांगून ते खालच्या खडकावर थांबले होते.

ते तिथेच होते. पाठ ताठ, हात मांड्यांवर, मान खाली.

तिने हाक मारली. ओ नाही. पाण्याचा आवाज मोठा, म्हणून ती आणखी जोरात ओरडली. बाबांनी मानही वळवली नाही.

मागच्याच वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि आपण त्यांना इथे एकटं सोडून गेलो. शेवाळावरून घसरत, गुडघे फोडून घेत ती त्यांच्यापर्यंत पोचली. त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता. ओठ तेवढे हलले.

"हळू. पायाकडे बघ."

त्यांच्या ओल्या पावलावर ती ऐसपैस बसली होती. कुशीवर पिवळी रेघ, अंड्यांनी टम्म फुगलेलं पोट.

मुलीने ओंजळीत तिला उचललं, शेवाळ घातलेल्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं. मग तिथेच मटकन बसून ती हसता हसता रडायला लागली. बाबा सुन्न पडलेला पाय चोळत सांगत होते, की तू वळणाआड गेलीस आणि ही बया येऊन बसली ती उठायचं नावच घेईना. मानेला मुंगळा चावला तरी आपण हललो नाही.

डबा त्यांनी स्वतःच मांडीवर घेतला.

"शेवटी स्थळ बापालाच शोधावं लागलं."