मेणाची सुतळी

बर्फाच्या पाण्यात हात बुडवून सात मिनिटं झाली होती आणि थोरल्याच्या तोंडून शिवीखेरीज काही बाहेर पडत नव्हतं.

"अजून तीन," ओट्यापाशी उभी राहून घड्याळ बघत बायको म्हणाली. "रविवारच्या दुपारी लोक झोपा काढतात, आणि आमच्याकडे ही तऱ्हा."

टेबलावर तीन ताटल्या मांडल्या होत्या. एकीत मेणात बुडवलेल्या सुतळीचा बोटभर तुकडा, दुसरीत व्हॅसलीन चोळलेला कापूस, तिसरीत मेण घालून थापलेली भुशाची वडी. थोरला ज्या दुकानात कामाला होता तिथे डोंगरात जाणाऱ्यांचं सामान मिळायचं. अडीअडचणीच्या डबीत आग पेटवायला काय घालायचं, हे तोच ठरवायचा. गेल्या वर्षी त्याने याच तिन्हींची परीक्षा घेतली होती. सुतळी अकरा मिनिटं जळली, वडी सात, कापूस चार. पहिला नंबर सुतळीचा. डबीच्या झाकणावर छापलंसुद्धा होतं, 'भिजली तरी पेटते.'

पहिली डबी त्याने स्वतः भरून धाकट्या भावाला दिली होती. धाकटा घड्याळं दुरुस्त करायचा आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायचा. तीन महिन्यांपूर्वी तो बर्फात अडकला. माणसं पोचली तेव्हा सुतळी त्याच्या मुठीत तशीच होती, न पेटलेली. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं डॉक्टरांनी काढून टाकली.

तेव्हापासून आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, थोरल्याने डबी दिली म्हणून माझं लेकरू वाचलं. डबीत घडी करून ठेवलेल्या, ऊब धरणाऱ्या चंदेरी पांघरुणाने तो तगला, हे काही खोटं नव्हतं. थोरला मान खाली घालून ऐकायचा. लोकांना वाटायचं, काय विनय आहे पोराच्या अंगी! खाई त्याला खवखवे, हे लोकांना कुठून कळणार?

"झाली दहा," बायको म्हणाली.

त्याने हात बाहेर काढले. बोटं लालभडक झाली होती आणि दुसऱ्याची असावीत तशी वागत होती. चकमकीचा दांडा मुठीत कसाबसा बसला. त्यावर लोखंडी पाती ओढली, ठिणग्या सुतळीवर पडल्या आणि विझल्या. पुन्हा ओढली, पुन्हा विझल्या. मेणाच्या गुळगुळीत अंगावर ठिणगी टिकत नाही. सुतळीचा पीळ सोडवून, ती पिंजून तंतू मोकळे करावे लागतात. नखांनी करून बघितलं, नखं घसरली. दातांनी ओढली तर दातांत मेण अडकलं, पीळ जागचा हलला नाही. वडीही फुटेना.

कापूस मात्र दोन मुठींत धरून ओढला तसा फाटला आणि पहिल्याच ठिणगीला पेटला.

चार मिनिटं तो जळत होता. थोरला बघत बसला.

"वहिनी, दार उघडंच होतं," मागून आवाज आला. "आईने तुमचा डबा परत पाठवलाय." धाकटा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने बर्फाची बादली बघितली, ताटल्या बघितल्या, मग दादाचे हात. "हे काय चाललंय?"

दुकानाचं काम आहे, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"गेल्या वर्षी मी सुतळी आधीच पिंजून ठेवली होती," थोरला म्हणाला. "सकाळी, चहा पिताना. सगळं मांडून घेतल्याशिवाय मला काम सुचत नाही. मग ती भिजवली आणि पेटवली. ती पेटलीही. गारठलेल्या हातांनी पिंजता येते का, हे मी बघितलंच नाही."

"येते?"

"नाही."

बायकोने हातातलं घड्याळ हळूच ओट्यावर ठेवलं.

"तीन महिन्यांत मी एक घड्याळ उघडलेलं नाही, दादा," धाकटा म्हणाला. "पेरं गेली म्हणून नाही. राहिलेल्या बोटांनीही जमलं असतं. पण ज्या हातांना साधी सुतळी सुटली नाही, त्यांच्यात कुणाचं घड्याळ द्यायचं? तू पहिला नंबर दिलेली वस्तू. मग चूक माझ्याच हातांची, दुसरं काय?" तो थांबला. "तुला कधी कळलं?"

"दवाखान्यात. तुझ्या उशाशी ती सुतळी होती, पीळ तसाच. तेव्हाच."

"मग आज हे कशाला?"

"वाटलं, एखादवेळेस पेटेल," थोरला म्हणाला. त्याला भावाच्या तोंडाकडे बघवेना. बोटं अजून ओलीच होती.

धाकट्याने डबा खाली ठेवला. खुंटीवरचा टॉवेल घेतला, खुर्ची ओढून दादासमोर बसला आणि त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. आखूड झालेली दोन बोटं बाजूला ठेवून, उरलेल्यांनी त्याने अंगठ्यापासून सुरुवात केली. एकेक बोट, एकेक पेर, घाई न करता पुसलं. मग दुसरा हात घेतला. शेवटी करंगळीशी पोचला.

"दहाच्या दहा आहेत," तो म्हणाला आणि टॉवेल दादाच्या मांडीवर ठेवून उठला.