चंदरचं अवांतर वाचन

चंदरनं टेबलावरचा नकाशा फिरवून पार उलटा केला, आणि गुप्तेसाहेबांनी हातातला टाक खाली ठेवला.

पडवीच्या पायरीशी उभा असलेला त्याचा बाप, कान्हा तांडेल, टाच उंचावून बघू लागला. आत्ता कुठे टाक दौतीत बुडाला होता! साहेब म्हणजे मुंबईचे निवृत्त प्रोफेसर. चंदरला कॉलेजात भूगोलाला घ्यायचं तर त्यांचं पत्र हवं, असं कॉलेजनंच कळवलं होतं. शाळेच्या पुस्तकांपलीकडे पोरानं काय वाचलंय ते साहेबांनी पारखायचं आणि खरं असेल तर तसं लिहून द्यायचं. पत्र नाही तर कॉलेज नाही. मे महिन्यात साहेब दिवेआगरला आपल्या वाडीत येतात, म्हणून कान्हा आज मासेमारीचा खाडा करून पोराला घेऊन आला होता.

चंदरनं आणलेली यादी सत्तावीस पुस्तकांची. साहेबांना ती पहिल्यापासूनच पचली नव्हती. कोळ्याचं पोर, गावचं मूठभर वाचनालय, आणि पुस्तकं सत्तावीस? कुठल्यातरी दुकानाची जाहिरात उतरवून काढली असेल, असं ते तोंडानं म्हणाले नाहीत, चष्म्यावरून बघितलं तेवढं पुरलं. आणि आता या पंडिताला नकाशाची वरची बाजूही ठाऊक नव्हती.

"नकाशात उत्तर दिशा वर असते, हे चौथीतलं पोर सांगेल," साहेब म्हणाले आणि यादीची घडी घालू लागले.

चंदर नकाशाकडेच बघत राहिला. घरी बोलायला लागला की आवरत नाही, आणि आज नेमका मुखस्तंभ! कान्हाला राहवेना. तो पायरी चढून वर आला.

"साहेब, खोड माजी हाय," तो म्हणाला. "पोराची न्हाय."

मग त्यानं सगळं सांगून टाकलं. मुंबईला सुकी मासळी पोचवून मचवा घरी वळतो, तेव्हा तोंड दक्षिणेला आणि किनारा डाव्या हाताला. सहा वर्षं पोरगं मुंबईहून आणलेली इंग्रजी पुस्तकं वाचून आपल्या भाषेत सांगतंय आणि बाप जाळं विणत ऐकतोय. पण नकाशा आला की बापाचा हट्ट, मी घरी येतो तसा, दक्षिण वर करून धर, नाहीतर मला कळत नाही. धरून धरून पोराला तीच सवय जडली, त्याला तो काय करणार?

साहेबांना हसू आलं. म्हणाले, म्हणजे पुस्तकं तुम्हीच वाचलीत म्हणायची. मग सांगा तांडेल, पावसाळ्यात आपल्याकडे एवढा कोसळतो, आणि समोरचं अरबस्तान कोरडं का?

ती थट्टा होती. कान्हानं ती थट्टा म्हणून घेतलीच नाही. नकाशावर जाडजूड बोट टेकवून तो म्हणाला, आपल्याकडे सह्याद्री आहे, ढग त्याला अडतात आणि तिथंच रिते होतात. तिकडे डोंगरच नाहीत, नुसती वाळू. ढगाला अडवायचं कोणी? पुस्तकात तसं लिहिलंय, चंदरनंच वाचून दाखवलंय.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. कान्हाची मान ताठ झाली.

"न्हाय, बा," चंदर म्हणाला. "ते चुकीचं हाय."

कान्हाच्या मचव्यावर पिकल्या केसांचे खलाशीही त्याला 'नाही' म्हणत नसत. पोरानं तर जन्मात म्हटलं नव्हतं.

"तिकडं डोंगर हायेत. आपल्या सह्याद्रीपेक्षा उंच."

एकदा तोंड उघडलं आणि चंदर सुटला. डोंगर नाहीत असं यादीतल्या दुसऱ्या पुस्तकात होतं. पुढे नवव्यात आणि सोळाव्यात त्याच डोंगरांची उंची दिलेली सापडली, तेव्हा तो चक्रावला, आणि खरं कोण ते शोधायला म्हणून आणखी चार वाचली. त्यानं त्या उलट्या नकाशावरूनच बोट तिरकं खाली आणलं. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, अरबस्तानच्या किनाऱ्याला अंग घासून पुढे जातो, आत शिरत नाही. आपल्या किनाऱ्यावर मात्र तो चालून येतो. तिकडे एका कोपऱ्यात डोंगराला थोडा वारा लागतो, आणि तेवढाच कोपरा पावसाळ्यात हिरवा होतो, असं एका प्रवाशानं लिहिलंय. म्हणजे नुसता डोंगर असून भागत नाही. कुठल्या पुस्तकावर विश्वास ठेवला, कुठल्यावर नाही आणि का, तेही त्यानं सांगितलं.

"हे वडलांना आधी का नाही सांगितलंस?" शेवटी साहेबांनी विचारलं.

चंदरनं मान खाली घातली. "त्यांना ते फार आवडलं होतं, साहेब. मचव्यावर सगळ्यांना सांगत होते."

साहेबांनी यादीची घडी उलगडली, टाक दौतीत बुडवला आणि पानभर लिहिलं. लिहून झाल्यावर एकवार वाचलं, खाली सही केली आणि कागद चंदरच्या हातात दिला.

वाडीच्या बेड्याशी, बांबूच्या फाटकाशी, चंदरची आई, सोनूबाई, पदराचं टोक दातांत धरून उभी होती. आत पोराचा आवाज चढलेला तिला बाहेर ऐकू आला होता. पोरगं साहेबाशी भांडलं की काय, म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कान्हा पुढे, चंदर पत्र घेऊन मागे. तिनं काय झालं म्हणून विचारलं, तर कान्हाला पत्राची आठवणच राहिली नाही.

"तुज्या लेकानं आज मला खोटा पाडलान," तो म्हणाला, विहिरीच्या रहाटावरच्या माणसांनाही ऐकू जाईल अशा खुशीच्या आवाजात. "साहेबाच्या देखत."