डावी धार

“टाक ते भंगारात,” नवरा म्हणाला. “बाजारात छपन्न सुऱ्या मिळतात.”

“मिळू देत,” डावरी म्हणाली आणि पात्यावरचा गंज पुन्हा पॉलिश पेपरने घासू लागली. ती डाव्या हाताने काम करायची, म्हणून सासूबाईंनी लग्नानंतर आठवड्यातच तिला ‘डावरी’ करून टाकलं होतं. मग सगळ्या घराने तेच नाव उचललं.

पातं सासूबाईंच्याच मोडक्या विळ्याचं होतं. जन्मभर त्यांनी त्याने पालक कापला. मग लकव्याचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं, पण बाई काही वाफ्यात जाईनात. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवायला हाक मारली तर म्हणायच्या, “फुकटचं किती खायचं?” डावरीला ते पटेना. अहो, डावा हात धडधाकट आहे ना? मग कापेल की तो! तिने हट्टच धरला.

मोडकं टोक तिने कानशीने गोल केलं. पात्याच्या एकाच अंगाला धारेचा उतार होता; त्याच जुन्या उतारावर दगड फिरवून धार आणली. पकड सुटू नये म्हणून जाडजूड लाकडी मूठ ठोकली. सासूबाईंना जवळजवळ ओढतच वाफ्यापाशी नेलं आणि सुरी त्यांच्या डाव्या हातात दिली.

सासूबाईंनी सुरी ओढली. पातं जमिनीला टेकेना, वरच उचललं जाई. देठ फाटले, निम्मी रोपं मुळासकट वर आली.

“बघितलंस? गेला माझा हात!” त्यांनी सुरी मातीत टाकली.

डावरी त्या फाटक्या देठांकडे बघत राहिली. असे देठ रोज तिच्या टोपलीत असायचे. त्यावरून तिने धांदरट, कामचुकार, काय काय ऐकून घेतलं होतं. तिलाही ते खरंच वाटायचं.

“हात नाही गेला, आई,” ती म्हणाली. “धार उजव्या हाताची आहे, डाव्याला ती उलट्या बाजूला येते.”

ती तिथेच बांधावर बसली. जुना उतार घासून सपाट केला आणि पात्याच्या दुसऱ्या अंगाला नवा उतार काढायला घेतला. बोटं सोलून निघाली. “पुरे गं बाई, जीव देतेस का आता?” सासूबाई कुरकुरल्या, पण उठून घरात काही गेल्या नाहीत.

दुपार कलल्यावर त्यांनी पुन्हा सुरी ओढली. पातं जमिनीला चिकटून सरकलं. देठ सरळ कापले गेले. एक जुडी, दुसरी जुडी, मग अख्खी ओळ. नवरा बांधावर येऊन आ वासून उभा राहिला.

ओळ संपल्यावर सासूबाई थांबल्या.

“डावरे, तुझा विळा कुठल्या हाताचा गं?”

“उजव्या. दुकानात तसेच तर मिळतात.”

सासूबाईंनी तिच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

“इतकी वर्षं उगाच बोलले गं तुला,” त्या म्हणाल्या. “आण तो इकडे. तू घट्ट धर, मी घासते.”